धागा: खळबळत्या (टर्ब्युलंट) ज्वालेचा ध्वनिलहरींना प्रतिसाद – गणिताने आधी कसा ओळखायचा?

तरंगवेध
ज्वलनकक्षात ज्वाला आणि ध्वनी एकमेकांना पोसू लागले की दाबाची कंपनं वाढत जातात. तत्त्व जुनंच आहे. रायकने १८५९ मध्ये उभ्या नळीतल्या तापलेल्या जाळीतून सूर काढला, आणि रॅलेने १८७८ मध्ये त्याची अट सांगितली: दाब चढलेला असतानाच उष्णता जास्त सुटत असेल तर कंपनाला ऊर्जा मिळते. दोघांच्या फेजमध्ये ९० अंशांपेक्षा कमी फरक असेल तर कंपन वाढतं, जास्त असेल तर दबतं. म्हणून अस्थिरता आधी ओळखायची तर एकच गोष्ट लागते: वेगात अमुक फ्रिक्वेन्सीचा चढउतार झाला तर उष्णता सुटण्याच्या दरात किती (गेन) आणि किती उशिराने (फेज) चढउतार होतो. हेच फ्लेम ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे एफटीएफ.

चर्चेसाठी एक ठोस उदाहरण धरू. मिथेन-हवेचं पूर्ण मिसळलेलं मिश्रण, स्वर्ल बर्नर (मिश्रणाला गोल फिरवून सोडणारा), सरासरी वेग २० मी/से, ज्वालेचा उष्णतामध्य (सुटणाऱ्या उष्णतेचा मध्य) बर्नरच्या तोंडापासून ६० मिमी, स्वर्लर (फिरवणारी पाती) तोंडाच्या ८० मिमी आधी. मिश्रण ३०० केल्विन, जळालेला वायू १९०० केल्विन. एलईएसमधून (मोठे भोवरे थेट सोडवणारी प्रवाहाची गणना) एफटीएफ काढून नेटवर्क मॉडेलमध्ये (ध्वनीसाठी यंत्रणेचे तुकडे जोडून केलेलं सोपं मॉडेल) घातलं, भिंती अ‍ॅडियाबॅटिक (उष्णता बाहेर न जाऊ देणाऱ्या) ठेवल्या. गेनचा आकार मोजमापाशी बरा जुळतो, पण १५० हर्ट्झनंतर फेज सुटत जातो आणि अस्थिरतेची फ्रिक्वेन्सी चुकते. अशा वेळी आधी कशाकडे बघावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

विलंबित
फेज चुकतोय म्हणजे विलंब चुकतोय, आणि विलंब चुकतोय म्हणजे बहुधा सरासरी ज्वालाच चुकीच्या जागी आहे. गेनकडे नंतर बघा.

तुमच्याच आकड्यांवर: ६० मिमी भागिले २० मी/से म्हणजे ३ मिलिसेकंद. १६७ हर्ट्झला फेज बरोबर उणे १८० अंश. आता एलईएसमध्ये ज्वाला थोडी आखूड आली आणि विलंब २.६ मिलिसेकंद झाला असं धरा. १७० हर्ट्झला फेजमध्ये जवळपास २४ अंशांची चूक झाली, आणि उणे १८० अंशाची जागा १६७ वरून १९२ हर्ट्झवर सरकली. रॅलेच्या अटीच्या काठावर असलेल्या मोडसाठी (यंत्रणेच्या एखाद्या नैसर्गिक कंपनासाठी) २४ अंश म्हणजे स्थिर आणि अस्थिर यांतला फरक. गेनमध्ये १० टक्के चूक असती तर वाढीचा दर थोडा बदलला असता, पण त्याचं चिन्ह सहसा टिकलं असतं.

क्रोकोच्या एन-टाउ मॉडेलमध्ये (एन म्हणजे गेन, टाउ म्हणजे विलंब) एकच विलंब असतो. तसं मॉडेल खऱ्या ज्वालेला पुरत नाही, कारण ज्वालेचा प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या वेळी प्रतिसाद देतो. विलंबाला पसारा द्या. विलंब ३ मिलिसेकंद आणि त्याचं प्रमाण विचलन ०.८ मिलिसेकंद असा घंटाकृती पसारा धरला, तर गेन १०० हर्ट्झला ०.८८, १७० ला ०.६९ आणि ३०० ला ०.३२ येतो. उंच फ्रिक्वेन्सीला ज्वाला दाद देत नाही असं आपण म्हणतो, त्यामागे बव्हंशी हाच पसारा असतो: एका भागाचा चढ दुसऱ्याच्या उताराने खोडला जातो. म्हणून एफटीएफ आधी वेळेच्या भाषेत, इंपल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक धक्क्यानंतरचा प्रतिसाद) म्हणून बघायची सवय लावा. बोडे आलेखात (फ्रिक्वेन्सीनुसार गेन आणि फेज) लपलेली चूक तिथे उघडी पडते.

संगणक_पथिक
विलंबित यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि सरासरी ज्वाला चुकण्याचं पहिलं कारण प्रश्नातच आहे: अ‍ॅडियाबॅटिक भिंती.

मध्यभागी दांडा असलेल्या स्वर्ल बर्नरमध्ये ज्वाला आतल्या कातर-थरात (वेगवेगळ्या वेगांचे प्रवाह एकमेकांना घासतात त्या पातळ थरात) धरलेली असते. बाहेरच्या कातर-थरात, म्हणजे कोपऱ्यातल्या फेराच्या कडेला, ती जळते की विझते हे कोपऱ्यातला वायू किती गार झालाय यावर ठरतं. भिंती अ‍ॅडियाबॅटिक ठेवल्या की कोपऱ्यातला वायू पूर्ण तापलेला राहतो, बाहेरची शाखाही पेटून राहते, ज्वाला एम आकाराची आणि आखूड होते. खऱ्या कक्षात तीच ज्वाला व्ही आकाराची आणि लांब. लांबी बदलली की विलंब बदलला, आणि पसाराही.

उपाय: बेसप्लेट आणि काचेच्या भिंतींचं तापमान थर्मोकपलने मोजून ते सीमाअट म्हणून द्या, किंवा भिंतीच्या जाडीचा उष्णतारोध देऊन बाहेरची बाजू खोलीच्या तापमानाला बांधा. मोजमाप नसेल तर बेसप्लेट ५००, ७०० आणि ९०० केल्विन अशा तीन गणनांमध्ये सरासरी ज्वाला कशी बदलते ते बघा. ध्वनीची उत्तेजना देण्याआधीचं हे काम आहे. मापलेल्या ओएच प्रकाशाच्या (ज्वालेतल्या ओएच कणांच्या अतिनील प्रकाशाच्या) सरासरी चित्राशी, दृष्टिरेषेवरची बेरीज करून, एलईएसचं सरासरी उष्णताक्षेत्र जुळलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

गणनेच्या जाळीबद्दल एक तपासणी. या मिथेन ज्वालेची जाडी अर्ध्या मिमीच्या आसपास. जाळी ०.६ मिमीची आणि ज्वालेत पाच घरं हवी असतील तर गणनेत ज्वाला कृत्रिमपणे सहापट जाड करावी लागते, म्हणजे ३ मिमी. ३०० हर्ट्झला प्रवाहासोबत वाहणाऱ्या खळबळीची लांबी २० भागिले ३००, म्हणजे ६७ मिमी. तिथे ३ मिमी जाडी चालून जाते. १००० हर्ट्झला ती लांबी २० मिमी उरते आणि तिच्यामुळे पडणाऱ्या सुरकुत्यांचं टोक जाड ज्वाला बोथट करते. तुमचा प्रश्न १७० हर्ट्झचा असेल तर जाळी बारीक करण्यावर संगणकाचा वेळ घालवू नका, भिंतींवर घाला.

चौकस
माहितीपूर्ण धागा. एक शंका. स्वर्ल ज्वालेच्या गेनमध्ये खड्डे आणि उंचवटे दिसतात, काही ठिकाणी गेन १ च्या वर जातो. नुसत्या घंटाकृती पसाऱ्याने ते येणार नाहीत ना?

विलंबित
बरोबर पकडलंत, नाही येणार. स्वर्लरवर ध्वनिलहर आपटली की दोन निरोप निघतात. एक ध्वनीच्या वेगाने: ८० मिमी अंतर ०.२३ मिलिसेकंदात. दुसरा म्हणजे स्वर्लमधला चढउतार, जो प्रवाहाच्या वेगाने वाहत येतो: ८० मिमीला ४ मिलिसेकंद. फरक सुमारे ३.८ मिलिसेकंद. ज्वालेवर दोन्ही कधी जुळून येतात, कधी एकमेकांना खोडतात. म्हणून गेनमध्ये साधारण २६० हर्ट्झच्या अंतराने खड्डे-उंचवटे. स्वर्लर ३० मिमी मागे सरकवला तर हे अंतर १९३ हर्ट्झच्या आसपास येतं. बर्नर स्थिर करण्याचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, एक नळीचा तुकडा बदलायचा. दुसरा निरोप अगदी सरासरी वेगानेच येतो असं मात्र गृहीत धरू नका. फिरत्या प्रवाहात जडत्वलहरींमुळे (फिरण्यामुळेच उठणाऱ्या लहरींमुळे) तो त्याहून बराच लवकर पोचतो. तो वेळ थंड प्रवाहाच्या गणनेतून, स्पर्शिक वेगाचा चढउतार कधी पोचतो ते बघून काढावा.

मॉडेल म्हणून तीन घंटाकृती तुकडे घ्या: एक वजन १ चा मुख्य, आणि स्वर्लसाठी एक अधिक, एक उणे, दोघांचं वजन सारखंच. बेरीज १ च राहते. ही बेरीज सोडून देण्याजोगी नाही. पूर्ण मिसळलेल्या मिश्रणात शून्य फ्रिक्वेन्सीला गेन १ यायलाच हवा: वेग १० टक्के वाढून तसाच राहिला तर शेवटी १० टक्के जास्त इंधनच जळणार. शून्याकडे जाताना एफटीएफ ०.८ किंवा १.३ कडे जात असेल तर पुढचं काही वाचण्याआधी चूक शोधा.

तरंगवेध
खूप उपयुक्त. उत्तेजना कशी द्यावी, एकेक फ्रिक्वेन्सी की एकदम पट्टा? आणि किती वेळ?

संगणक_पथिक
एलईएसमध्ये एकेक फ्रिक्वेन्सी परवडत नाही. रुंद पट्ट्याचा संकेत द्या: दोनच पातळ्यांमध्ये अनियमितपणे उड्या मारणारा, मग लो-पास गाळलेला. वरची मर्यादा तुम्हाला हव्या असलेल्या फ्रिक्वेन्सीच्या थोडी पुढे ठेवा. अँप्लिट्यूड सरासरी वेगाच्या ८ टक्क्यांच्या आसपास. खळबळीच्या आवाजात संकेत बुडाला तर वाढवावंसं वाटतं, पण १५ टक्क्यांपलीकडे रेषीयतेची खात्री हवी. निम्म्या अँप्लिट्यूडने तेच उत्तर येतं का ते तपासावं.

इंपल्स रिस्पॉन्स किती लांब ते आधी अंदाजा. स्वर्लचे ४ मिलिसेकंद, ज्वालेचे ३, वर शेपूट: १२ धरा. खळबळत्या ज्वालेला निदान ३०० ते ४०० मिलिसेकंदांची मालिका लागते. उत्तेजना सुरू केल्यावर कक्षातला वायू एकदा-दोनदा पूर्ण बदलेपर्यंतचा भाग टाकून द्या. मग ०.२५ मिलिसेकंदाच्या पायरीवर आणा, म्हणजे १२ मिलिसेकंदांना ४८ गुणांक. पायरी मोठी करण्याआधी संकेत गाळून घ्या, नाहीतर उंच फ्रिक्वेन्सीचा कचरा खाली दुमडून येतो आणि तो कचरा नंतर ओळखताही येत नाही. १२ मिलिसेकंदांच्या रिस्पॉन्सची खरी फ्रिक्वेन्सी-बारकाई ८० हर्ट्झच्या आसपास असते, तेव्हा त्याहून बारीक लाटांना भौतिक अर्थ देऊ नका.

नेहमीच्या अडचणी. पहिली सीमांची: येणारी लहर तुम्ही ठरवा, जाणारीला बाहेर पडू द्या. सीमा जास्त ताठ असेल तर ती ध्वनी परतवते. मग ज्वालेचा आवाज परत येऊन संदर्भस्थानी (एफटीएफसाठी वेग घेतो त्या जागी) वेग हलवतो आणि वेग कारण की परिणाम हे गणिताला कळेनासं होतं. एफटीएफ पूर्वग्रहित येतं. सीमा फार सैल केली तर कक्षाचा सरासरी दाब हळूहळू घसरत जातो. दुसरी संदर्भस्थानाची: वेग एका बिंदूवर घेऊ नका, तिथे भोवऱ्यांचा गोंगाट असतो. पूर्ण छेदावर सरासरी घ्या, स्वर्लरच्या आधी. ते स्थान एखाद्या फ्रिक्वेन्सीला वेगाच्या नोडवर (जिथे वेगाचा चढउतार शून्य असतो) पडलं तर भाजक शून्याजवळ जातो आणि गेनला खोटं शिखर येतं.

मालिकेच्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्याचं एफटीएफ वेगवेगळं काढून एकावर एक ठेवा. जिथे दोन रेषा फाकतात तिथून पुढे तुमच्याकडे माहिती नाही.

मापनपट्टी
वर "मोजमापाशी जुळतो" असं लिहिलंय, पण मोजमापही तपासावं लागतं, म्हणून लिहिते.

दोन मायक्रोफोनांची पद्धत वापरत असाल तर अंतर बघा. १०० मिमी अंतर आणि ३०० केल्विनला ध्वनीचा वेग ३४७ मी/से धरला तर १७३५ हर्ट्झला अर्धी तरंगलांबी त्या अंतराएवढी होते आणि समीकरण कोसळतं. त्या मर्यादेच्या एक दशांश ते आठ दशांश, म्हणजे साधारण १७० ते १३९० हर्ट्झमध्येच विश्वास ठेवा. तुमची फ्रिक्वेन्सी याच पट्ट्याच्या खालच्या काठावर आहे! तिथे दोन मायक्रोफोनांमधला दाबाचा फरक इतका छोटा असतो की १ अंशाची फेजचूक वेगात कित्येक पट वाढून उतरते. अंतर ३०० मिमी करा, किंवा पाच-सहा मायक्रोफोन असमान अंतरांवर लावून लीस्ट-स्क्वेअर घ्या. सगळे मायक्रोफोन आधी एकाच छेदावर बसवून एकमेकांशी फेज जुळवून घ्यावेत. गरम बाजूला मायक्रोफोन थेट लावता येत नाही. लांब नळीच्या कुशीत बसवावा लागतो, आणि त्या नळीचा विलंब वेगळा कॅलिब्रेट करावा लागतो. हा विलंब विसरला की फेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाकतो. तुमच्याकडे फेज "सुटत जातो" म्हणताय, तेव्हा हेही तपासा. सरळ रेषेत सुटत असेल तर शुद्ध विलंबाची चूक: नळी, संदर्भस्थान किंवा ज्वालेची लांबी, तिघांपैकी एक.

उष्णतेसाठी फोटोमल्टिप्लायरवर ३०८ नॅनोमीटरजवळचा फिल्टर, क्वार्ट्झची खिडकी, आणि संपूर्ण ज्वाला नजरेत. पूर्ण मिसळलेल्या मिश्रणात प्रकाशाचा सापेक्ष चढउतार म्हणजे उष्णतेचा सापेक्ष चढउतार, हे धरता येतं. इंधनाचं प्रमाणच हलत असेल तर नाही, कारण प्रकाश त्या प्रमाणावर अरेषीयपणे अवलंबून असतो. तिथे दोन्ही बाजूंच्या मायक्रोफोनांवरून ट्रान्सफर मॅट्रिक्स (आधीच्या दाब-वेगावरून पुढचे दाब-वेग देणारी सारणी) काढा: आधी थंड बर्नरची, मग पेटलेल्याची, पहिलीने दुसरीला भागा. त्यातून एफटीएफ येतं, कारण ज्वालेपुढचा वेग-चढउतार म्हणजे आधीचा गुणिले (१ अधिक तापमानवाढीचं गुणोत्तर गुणिले एफटीएफ). इथे ते गुणोत्तर १९०० भागिले ३०० उणे १, म्हणजे ५.३.

प्रत्येक बिंदूसोबत कोहेरन्स (प्रतिसादाचा किती भाग खरोखर संकेतामुळे आहे, ० ते १) द्या. कोहेरन्स ०.८ आणि ५० सरासऱ्या असतील तर गेनमध्ये सुमारे ५ टक्के आणि फेजमध्ये ३ अंशांची अनिश्चितता राहते. कोहेरन्स ०.३ वर आलेल्या बिंदूंवरून मॉडेल दुरुस्त करत बसणं वेळेचा अपव्यय आहे.

चौकस
खळबळ इथे फक्त गोंगाटच आहे का? म्हणजे लॅमिनार (खळबळ नसलेल्या) ज्वालेचं सूत्र घेऊन ज्वलनवेगाच्या जागी खळबळत्या ज्वालेचा ज्वलनवेग टाकला की झालं?

ज्योतिर्मय
चौकस, खालच्या फ्रिक्वेन्सीला बऱ्यापैकी चालतं. फ्रिक्वेन्सी गुणिले ज्वालेची लांबी भागिले वेग हा आकडा बघा; इथे १७० गुणिले ०.०६ भागिले २०, म्हणजे ०.५. एकच्या आतबाहेरपर्यंत लॅमिनार सूत्राचा सांगाडा टिकतो. पुढे ते सूत्र प्रतिसाद खऱ्यापेक्षा जास्त सांगू लागतं, आणि त्याला दोन कारणं आहेत.

ध्वनीमुळे ज्वालेच्या मुळाशी पडलेली सुरकुती ज्वालेच्या अंगाने वर वाहत जाते. खळबळीमुळे प्रत्येक फेरीत ती थोडी आधी किंवा थोडी नंतर पोचते. प्रत्येक क्षणी सुरकुती पूर्ण उंचीची असते, पण फेज धरून सरासरी काढली की टोकाकडे ती विरते. वर सांगितलेल्या विलंबाच्या पसाऱ्यात याची भर पडते. दुसरं कारण जास्त खोल आहे: सरासरी ज्वालेचा ज्वलनवेग स्वतः सुरकुतीच्या वाकणावर अवलंबून असतो. खोलगट जागी, म्हणजे ताज्या मिश्रणाकडून पाहता मागे राहिलेल्या भागात, तो वाढतो आणि सुरकुती लवकर भरून निघते. फक्त सरासरी ज्वलनवेग टाकणाऱ्या मॉडेलला हे दिसत नाही.

इंधन बर्नरमध्येच सोडत असाल तर चित्र पार बदलतं, तेही लिहून ठेवतो. इंधनाची छिद्रं ताठ असतील तर हवा वाढली तरी इंधन तेवढंच. वेग अमुक टक्के वर गेला की इंधनाचं प्रमाण तितकेच टक्के खाली. छिद्रं तोंडाच्या १२० मिमी आधी असतील तर हा निरोप ज्वालेला ९ मिलिसेकंदांनी मिळतो, वेगाचा ३ मिलिसेकंदांनी. शून्य फ्रिक्वेन्सीला दोन्ही खोडले जाऊन गेन शून्य, आणि ८३ हर्ट्झला दोन्ही जुळून २ पर्यंत. मिसळण्याच्या पसाऱ्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी, पण उंचवटा तिथेच येतो. वर "शून्याला गेन १" म्हटलंय ते फक्त पूर्ण मिसळलेल्या मिश्रणाला लागू.

तरंगवेध
मग नेटवर्क मॉडेलमध्ये दोन्ही टोकं जवळजवळ परावर्तनरहित ठेवली तरी १७० हर्ट्झच्या आसपास अस्थिर मोड येतो, तो गणिताचा दोष म्हणायचा का? कक्षाचा कुठलाच ध्वनिमोड तिथे नाही.

विलंबित
दोष नाही, तो ज्वालेचा स्वतःचा मोड आहे. २०१४ च्या सुमारास ही गोष्ट स्पष्टपणे मांडली गेली आणि त्यानंतर अनेक जुन्या "अनाकलनीय" फ्रिक्वेन्सींचा अर्थ लागला. ज्वाला ध्वनी काढते, तो ध्वनी मागे जाऊन बर्नरमधला वेग हलवतो, तो वेग विलंबाने ज्वाला हलवतो. भिंतींची गरजच नाही.

अट हाताने निघते. दोन्ही टोकं परावर्तनरहित धरली, तर एफटीएफ बरोबर उणे (१ अधिक घनता-गुणिले-ध्वनिवेगाचं गुणोत्तर) भागिले ५.३. ते गुणोत्तर तापमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, २.५. म्हणजे ३.५ भागिले ५.३, साधारण ०.६६. फेज उणे १८० अंश असताना गेन ०.६६ पेक्षा जास्त असेल तर परावर्तन शून्य असूनही अस्थिरता. आपल्या घंटाकृती मॉडेलमध्ये १६७ हर्ट्झला गेन ०.७०. काठावर, पण अस्थिर बाजूला. अशा ठिकाणी बाहेरच्या टोकाला डॅम्पर लावून उपयोग होतोच असं नाही. काही वेळा परावर्तन कमी केल्याने हाच मोड बिघडतो. इलाज बर्नरमध्ये करावा लागतो: विलंबाचा पसारा वाढवा किंवा स्वर्लर सरकवून त्या फ्रिक्वेन्सीला गेनचा खड्डा आणा. पसारा ०.८ वरून १ मिलिसेकंद केला तर १६७ हर्ट्झचा गेन ०.५८ वर येतो.

ज्योतिर्मय
एक भर. एफटीएफ अस्थिरता सुरू होईल की नाही एवढंच सांगतं, ती किती मोठी होऊन थांबेल ते नाही. त्यासाठी १०, २०, ४०, ६० टक्के अशा वेगवेगळ्या अँप्लिट्यूडना एकेक फ्रिक्वेन्सीने प्रतिसाद काढावा लागतो. अँप्लिट्यूड वाढली की भोवरे ज्वालेला गुंडाळतात, शेजारच्या शाखा एकमेकींत मिसळतात, आणि गेन उतरतो. वाढीचा दर जिथे डॅम्पिंगएवढा होतो तिथे कंपन स्थिरावतं. पण मधल्या अँप्लिट्यूडला गेन चढणाऱ्या ज्वालाही आहेत. अशी यंत्रणा छोट्या धक्क्याला शांत असते आणि मोठ्या धक्क्याला भडकते. १९६० च्या दशकात एफ-१ रॉकेट इंजिनाच्या चाचण्यांत कक्षात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडत, ते याचसाठी: रेषीय स्थिरता पुरेशी नव्हती, मोठा धक्का दिल्यावरही कंपन विरायला हवं होतं. शेवटी इंजेक्टरच्या तोंडावरच्या बॅफलांनी (आडोशाच्या पट्ट्यांनी) ते साधलं. बॅफलांचा आकार गणिताने नव्हे, चाचण्या करूनच ठरला.

चौकस
मिथेनच्या जागी हायड्रोजन मिसळला तर हेच एफटीएफ मापपट्टी बदलून वापरता येईल का?

संगणक_पथिक
पहिल्या अंदाजापुरतं, हो. ज्वाला ६० ऐवजी ३० मिमी झाली आणि पसाराही त्याच प्रमाणात आटला, तर ०.७० गेन आणि उणे १८० अंश हे दोन्ही १६७ वरून ३३३ हर्ट्झवर सरकतात. म्हणजे आधी शांत असलेला वरचा ध्वनिमोड आता ज्वालेच्या तावडीत येतो. पण हायड्रोजन वाढला की बाहेरच्या कातर-थरातली शाखा गार कोपऱ्यातही पेटून राहते, व्हीची एम होते, आणि आकार बदलल्यावर नुसती मापपट्टी चालत नाही. तेव्हा क्रम तोच ठेवा: भिंतींचं तापमान, सरासरी ज्वाला, मग उत्तेजना. तरंगवेध, तुमच्या गणनेत बेसप्लेट ७०० केल्विनला बांधून ज्वालेचा उष्णतामध्य किती सरकतो तेवढं इथे टाका, त्यावरून फेज किती भरून निघेल ते सांगता येईल.

तरंगवेध
बेसप्लेट ७०० केल्विन, काचेची भिंत उष्णतारोधासह. बाहेरची शाखा विझली, उष्णतामध्य ५२ वरून ५९ मिमीवर.

विलंबित
म्हणजे विलंबात ०.३५ मिलिसेकंद भर, १७० हर्ट्झला २१ अंश. २४ पैकी उरलेल्या ३ अंशांसाठी एलईएसला हात लावू नका, ते मोजमापाच्या अनिश्चिततेत बसतात. आता उत्तेजनेची गणना पुन्हा करा, आणि गेन शून्याकडे १ होतोय ना ते आधी बघा.